रोज अर्धे पान

संकल्प करण्याच्या बाबतीत मराठी माणसाइतका भाग्यवान प्राणी दुसरा नसेल. 1 जानेवारीला केलेला निश्चय संक्रांतीपर्यंत टिकला नाही, तरी त्याला खचून जाण्याचे कारण नसते. दोन-अडीच महिन्यांत गुढीपाडवा येऊन उभा राहतो. तोही हातचा गेला, तर दिवाळीत बलिप्रतिपदा आहेच. बारा महिन्यांत तीन वेळा नवे वर्ष सुरू करण्याची ही सवलत मी जन्मभर मनसोक्त उपभोगली. पहाटे उठणे, रोज फिरावयास जाणे, रोजनिशी लिहिणे, चहा कमी करणे हे सारे संकल्प मी तीन-तीनदा सोडले आहेत. आणि ‘संकल्प सोडणे’ या आपल्या शब्दप्रयोगाचे जे दोन अर्थ होऊ शकतात, ते दोन्ही मला अनुभवाने ठाऊक आहेत.

वाचनाचा संकल्प मात्र मी कधी केला नव्हता. त्याची गरजच कधी भासली नाही. माझा जन्म फोंड्याजवळच्या एका खेड्यातला. वडील मराठी शाळेत मास्तर. शिक्षणासाठी म्हणून मी बेळगावला आलो तो इथलाच झालो, आणि 35 वर्षे मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 साली स्थापन झालेले. अशा गावात राहणाऱ्याला पुस्तकांची ददात पडत नाही. भूक लागली म्हणजे जेवावे, तसा मी वाचत आलो. आज किती घास खाल्ले याचा हिशेब कोणी ठेवतो काय?

परंतु हिशेब ठेवणारे एक माणूस माझ्या घरात निपजले होते. माझी नात पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ती बेळगावला आली, आणि तिने माझ्या हातावर एक काळी, चपटी, पाटीएवढी वस्तू ठेवली. “आजोबा, हा ई-रीडर. यात हजारो पुस्तके मावतात,” ती म्हणाली. मी ती वस्तू उलटीसुलटी करून पाहिली. वजन एखाद्या पातळशा कवितासंग्रहाइतके. मला माझी बिगरीतली दगडी पाटी आठवली. पाटीवरून पुस्तकाकडे येण्यात माझे बालपण खर्ची पडले होते. आता उतारवयात पुस्तकावरून पुन्हा पाटीकडे जावयाचे, हा आश्रमधर्म मला काही पटेना. नात एवढ्यावर थांबली नाही. नव्या वर्षाचा संकल्पही तिने माझ्या वतीने करून टाकला. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाला 52 पुस्तके! वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव मी तिला मोबाईलवर कळवायचे, आणि ती ते आपल्या यादीत नोंदवणार. नातवंडांपुढे नकार देण्याची शक्ती देवाने आजोबांना दिलेली नाही. मी हो म्हटले.

पाटी कपाटात गेली आणि मी कागदी पुस्तकांनिशी 52 च्या मोहिमेवर निघालो.

पहिले तीन महिने मोठ्या ऐटीत गेले. पुढे एका जाड चरित्राने माझा एप्रिल आणि निम्मा मे खाल्ला, आणि मी मागे पडलो. सप्टेंबरअखेर आकडा 29 वर अडकला होता. तेव्हापासून माझ्यात एक चमत्कारिक बदल होऊ लागला. वाचनालयातल्या कपाटासमोर उभा राहून मी पुस्तकाचे नाव पाहण्याऐवजी त्याची जाडी पाहू लागलो. ज्या ग्रंथाला आयुष्यभर नमस्कार करत आलो, तो हाती येताच “चारशे पाने! छे!” म्हणून मी परत ठेवू लागलो. एकांकिका, बालगीते, प्रवासवर्णनांच्या पुस्तिका, फार काय, लोणच्यांवरचे एक पुस्तकही मी त्या काळात वाचून काढले. वाचताना डोळा ओळीवर कमी आणि पानाच्या आकड्यावर अधिक असे. परीक्षेपुरते वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना 35 वर्षे मी जी दूषणे दिली, ती सारी आता मलाच लागू पडत होती.

दिलेल्या पाटीचे काय झाले, असे नात अधूनमधून विचारी. मी तिला व्याख्यान देई. पुस्तक उसने देता येते, पाटीतले पुस्तक कसे देणार? पुस्तक विकत घेतले की ते माझे. यंत्रातले पुस्तक खरोखर माझे असते काय? 2009 साली अमेरिकेत एका कंपनीने ग्राहकांच्या किंडलवर विकलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके, प्रकाशकाला हक्कच नव्हते असे आढळल्यावर, दुरूनच पुसून टाकली होती. पैसे परत केले हे खरे. पण रात्री उशाशी ठेवलेले पुस्तक सकाळी नाहीसे व्हावे, हे कोणत्या वाचकाला रुचेल? आणि त्या पुस्तकांत सत्तेने माणसांच्या आठवणी पुसण्याचीच कथा असावी, हा तर दैवाचाच विनोद. हा मुद्दा मांडताना माझा आवाज चढत असे. नात हसून म्हणे, “आजोबा, तुम्ही एकदा तरी उघडून पाहिलेत का?” मी पाहिले नव्हते.

पुढे सावकाशीने विचार करताना माझ्या ध्यानात आले की या आवेशात माझे पूर्वज सामील आहेत. मूळचे गोमंतकीय असलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. छापील कागदाला शिवण्यासही आपल्यातले भाविक लोक कसे भीत, हे त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. शाईत जनावराची चरबी असते, ही शंका. 1831 साली पहिले छापील मराठी पंचांग काढणारे गणपत कृष्णाजी यांनी ही शंका फेडण्यासाठी शाईत तूप घातले, असे सांगतात. हाताने लिहिलेली पोथी तेवढी पवित्र आणि छापलेला कागद भ्रष्ट, असे मानणारा तो गृहस्थ आणि छापलेला कागद तेवढा पवित्र आणि पडदा भ्रष्ट, असे मानणारा मी, यांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर सोडले तर कोणता फरक होता? माझ्या शंकेवर उतारा पडेल असे तूप मात्र कोणी कालवले नव्हते.

ते तूप मला अक्काच्या घरी मिळाले.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती फोंड्याला असते. चवथीला आणि डिसेंबरात एकदा, अशा वर्षाच्या दोन फेऱ्या मी चोर्ला घाटातून तिच्याकडे करतो. गोव्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरात बोलणे कोंकणी आणि लिहिणे-वाचणे मराठी. भांडण कोंकणीत व्हावे आणि त्याची तक्रार करणारे पत्र मराठीत जावे, यात आम्हांला कधी विसंगती वाटली नाही. अक्काचे शाळेतले शिक्षण बेतास बात. पण वाचन असे की, तिच्यापुढे मराठीचा शिक्षक म्हणून मिरवण्याचे धाडस मी सहसा करत नसे. दुपारची कामे उरकली की सोप्यावर बसून पुस्तक उघडायचे आणि दिवेलागणीला मिटायचे, हा तिचा साठ वर्षांचा नेम.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा माझी 50 पुस्तके झाली होती. एक्कावन्नावे हातात होते. सोप्यावर बसून ते संपवता संपवता मी अक्काला माझ्या पराक्रमाची कथा सांगत होतो. तीही पुस्तक उघडून समोर बसली होती. पानात खूण म्हणून घातलेले मोरपीस तिने काढून मांडीवर ठेवले होते. तासाभराने ती आत गेली, तेव्हा तिचे पुस्तक मी सहज उचलले. चवथीला हेच पुस्तक तिच्या हातात पाहिल्याचे मला आठवले. मोरपीस तेव्हाही सदतिसाव्या पानावर होते. आजही सदतिसाव्याच पानावर होते. गेल्या तासाभरात तिने पान उलटले नव्हते, हेही मग माझ्या ध्यानात आले.

ती चहा घेऊन आली. मी काही विचारले नाही. माझ्या हातातले पुस्तक आणि माझा चेहरा पाहून तिनेच सांगितले, “म्हाका आतां दिसना रे.”

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली होती. हा विकार निराळा, डोळ्याच्या पडद्याचा; वयोमानाने होणारा. कडेचे दिसते, पण जिथे नजर रोखावी तिथेच धुके. चष्म्याचा नंबर बदलून त्याचा इलाज होत नाही. दोन वर्षे हे चालले होते. मुलासुनेला उगाच काळजी नको, म्हणून ती रोज दुपारी पुस्तक उघडून बसत होती आणि दिवेलागणीला मिटत होती. जिला एक ओळ दिसत नव्हती, तिच्यासमोर बसून मी 51 चा आकडा मोजत होतो.

माझ्या पिशवीत ती पाटी होती. नात विचारील म्हणून प्रवासात बरोबर घेतली होती, एवढेच. रात्री मी ती प्रथमच नीट उघडून पाहिली. ती दूरचित्रवाणीसारखी डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही. तिच्या पडद्याच्या आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. विजेच्या सूक्ष्म भाराने काळे कण वर आले की अक्षर होते, पांढरे वर आले की कागद. उमटलेले पान तसेच टिकते; वीज खर्ची पडते ती मुख्यतः पान बदलताना. म्हणजे शाई नावाची वस्तू तिथेही आहेच. आणि एक सोय अशी, जी कोणत्याही छापखान्याने मला आजवर दिली नव्हती: अक्षर वाढवता येते. 2016 च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तके मिळू लागली आहेत. नातीने त्यांतली काही आधीच त्यात भरून ठेवली होती. मी अक्षर वाढवीत गेलो. ओळीत तीन-चार शब्द आणि पानावर सहा ओळी उरल्या, तेव्हा ती पाटी अक्काच्या हातात दिली.

तिने ती थोडी तिरपी धरली, मान किंचित वळवली, आणि डोळ्याच्या कडेने एक शब्द वाचला. मग दुसरा. बालवाडीतल्या मुलासारखी ती मोठ्याने वाचत होती. एक पान संपायला बराच वेळ लागला. ते संपल्यावर मी पान उलटण्यासाठी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि स्वतः बोट टेकवले. नवे पान आले. त्या रात्री मी माझे एक्कावन्नावे पुस्तक मिटून ठेवले, ते आजतागायत उघडलेले नाही. नातीला मात्र मी दोन पातळ पुस्तकांची नावे कळवून 52 पुरी केली, हा माझ्या शिक्षकी आयुष्यानंतरचा पहिला खोटा दाखला. “आजोबा, यांतले सर्वांत आवडलेले कोणते?” असे तिने विचारले, तेव्हा मला चटकन एकही नाव सांगता आले नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणले, आणि वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे याची वाट न पाहता पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. ज्याला पुस्तकापर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत पुस्तकाने जावे, ही त्यामागची दृष्टी. माझ्या पाटीकडे त्या दिवसापासून मी एक लहानशी ग्रंथपेटी म्हणून पाहू लागलो. वाद तिथेच संपायचा. पण निघताना अक्काने एक प्रश्न विचारला.

“हातूंत बाबाचें बाड आसा?”

बाबांचे बाड! ते या पाटीत कोठून असणार? जगातल्या कोणत्याही दुकानात ते नाही. ते बेळगावला माझ्याच कपाटात होते.

बाड म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. निरनिराळ्या ग्रंथांतून उतरवून घेतलेल्या मजकुराची हस्तलिखित वही. बाबांचा पगार तुटपुंजा; पुस्तके विकत घेणे परवडत नसे. पोर्तुगीज अमदानीत मराठी पुस्तक हाती पडणेही सोपे नव्हते. सालाझारच्या राजवटीत छापील मजकुरावर सेन्सॉरची नजर असे. कोणाकडे मुंबई-पुण्याहून एखादे पुस्तक आले की बाबा ते आठ-पंधरा दिवसांच्या बोलीने आणीत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यातला आवडता भाग उतरवून घेत. अभंग, नाटकांतली पदे, कादंबऱ्यांतली प्रकरणे, निबंध असा तो संसार. समासात कोणाचे पुस्तक, कोणत्या तारखेला परत करावयाचे, याची टाचणे. शेवटच्या काही पानांवर आईने सांगितलेल्या औषधांच्या मात्रा आणि तांदळाचा हिशेब. बाबा गेल्यावर वाटणीत अक्काला आईची समई आली आणि ‘मराठीचा शिक्षक’ या नात्याने बाड माझ्याकडे आले. ते मी फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून व्यवस्थित ठेवले होते. वर्षातून एकदा काढून झटकत होतो. दसऱ्याला त्याची पूजा करत होतो. वाचले मात्र नव्हते. इकडून तिकडून चाळले होते, एवढेच. 52 पुस्तके वाचणाऱ्या माणसाने आपल्या बापाने लिहिलेले एक पुस्तक 40 वर्षे न वाचता जपले होते.

कागद टिकतो, हा माझा लाडका सिद्धांतही फडके सोडताच डळमळला. गोव्याच्या दमट हवेत बाबांची दुसरी एक वही वाळवीने केव्हाच संपवली होती. या बाडाच्याही कडा कसरीने कुरतडल्या होत्या; शाई जागोजागी तांबूस होऊन फिकी पडली होती. मी पानांची छायाचित्रे घेऊन पाहिली. पण छायाचित्रातले अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर पळते. ती मोडून खालच्या ओळीत येत नाही. अक्काला वाचता यावे, तर प्रत्येक अक्षर नव्याने टंकित केल्याविना गत्यंतर नव्हते. भाच्याने सुचवले, “मामा, तुम्ही वाचून ध्वनिमुद्रित करा, आई ऐकेल.” अक्काने ते मोडीत काढले. “कीर्तन आयकतात, पुस्तक वाचतात,” एवढेच ती म्हणाली. वाचणाऱ्याला एका शब्दापाशी हवे तितके थांबता येते. ऐकणाऱ्याला ते सुख नसते, हा त्याचा अर्थ.

मी पाने मोजली, 180 भरली. रोज अर्धे पान केले तर वर्ष पुरते, आणि सणावारांसाठी पाच दिवस शिल्लक राहतात. 1 जानेवारीला मी नातीला कळवले: यंदाचा संकल्प, पुस्तक एक.

देवनागरी टंकलेखन शिकण्यातच माझा जानेवारी गेला. पुढे हात बसला. सकाळी पूजा आटोपली की उजवीकडे बाड, डावीकडे भिंग आणि समोर संगणक. महिन्याची पाने झाली की ती अक्काच्या पाटीवर पाठवायची. बेळगावहून पाठवलेला मजकूर फोंड्याला क्षणात पोहोचतो, हे आश्चर्य मला अजून जुने झालेले नाही. आणि या रोजच्या अर्ध्या पानात मला जे मिळाले, ते 52 पुस्तकांत मिळाले नव्हते. उतरवून काढणे हे सर्वांत संथ वाचन. डोळ्याने वाचताना आपण शब्दांवरून घसरत जातो. हाताने वाचताना प्रत्येक काना-मात्रेपाशी थांबावे लागते. एका प्रकरणाच्या मध्येच बाबांनी उतारा का सोडला, एका अभंगाखाली दोन रेघा का ओढल्या, असे प्रश्न पडू लागले. मी ज्यांना ओळखतो असे समजत होतो, ते बाबा मास्तर होते. अर्ध्या-अर्ध्या पानाने जे भेटू लागले, ते वाचक होते.

जूनमध्ये मी ‘ख्रिस्तपुराणा’च्या पानांपाशी आलो. देवळाच्या छायेत वाढलेल्या शाळामास्तराने हे का उतरवले असावे? पण त्यातली मराठीची थोरवी सांगणारी जागा पाहिली आणि उत्तर मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. त्याचे हे ओवीबद्ध पुराण 1616 साली रायतूरला छापले गेले. त्यानंतर आणखी दोनदा, 1649 आणि 1654 मध्ये, ते निघाले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे! त्या हस्तलिखितांच्या आधारे सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला. ती देवनागरी प्रत एका स्नेह्याने पुण्याहून आणवली होती. म्हणजे हस्तलिखितावरून छापलेले, छापलेल्यावरून बाबांनी पुन्हा हाताने लिहिलेले, आणि त्यावरून मी पाटीसाठी टंकित करत असलेले असे ते चौथे-पाचवे रूप होते. कागद श्रेष्ठ की पडदा, हा माझा वाद त्या पानांपुढे मला फार पोरकट वाटला. नवे साधन आले म्हणून ग्रंथ वाचला नाही आणि जुने होते म्हणूनही नाही; कोणी तरी तो पुन्हा उतरवून काढण्याचे कष्ट घेतले, म्हणून वाचला.

त्याच पानांवर एके सकाळी माझा हात थांबला. अक्षर बदलले होते. बाबांचे अक्षर उजवीकडे कललेले, वळणदार. हे सरळ, गोल, जपून काढलेले. ‘ल’ची धाटणी निराळी. चार पाने ते अक्षर चालले होते, पाचव्या पानावर बाबा परत आले होते. बाड इतकी वर्षे चाळताना हे मला कधी दिसले नव्हते. त्या चार पानांत एक ओवी अर्धी होती. मधला चरण सुटला होता. तो पुरा करण्याचा मोह मला झाला. पण लेखनिकाने पाहावे तसे लिहावे, असे मनाशी ठरवून मी चूक चुकीसह टंकित केली आणि पाने पाठवून दिली. अक्काला काही विचारले नाही.

चवथीला गेलो, तेव्हा अक्का सोप्यावर पाटी घेऊन बसली होती. वाचता वाचता ती एकदम थांबली, आणि ऐंशी वर्षांची ती बाई मुलीसारखी हसू लागली. “ही चूक म्हजी रे!” 1957 च्या पावसाळ्यात बाबा हिवतापाने अंथरुणाला खिळले होते आणि पुस्तक परत करण्याची तारीख तोंडावर आली होती. तेव्हा बारा वर्षांच्या अक्काने बाबांच्या उशाशी बसून चार पाने उतरवली होती. एक चरण सुटला होता, आणि ताप उतरल्यावर बाबांनी तो दाखवून दिला होता; मात्र खोडाखोड करून तिचे पान बिघडवले नव्हते. मी तेव्हा चार वर्षांचा. हा प्रसंग मला कोणी सांगितला नव्हता, आणि अक्काही तो विसरली होती. पाटीवर साऱ्या पानांचे अक्षर एकसारखे. बाबांचे आणि तिचे वेगळे ओळखण्याची सोय नाही. तरी तिने स्वतःला ओळखले ते आपल्या चुकीवरून.

मी बाड बरोबर नेले होते. ती चार पाने उघडून मी तिच्या मांडीवर ठेवली. तिला ती वाचता येत नव्हती. तिने त्यांवरून बोटे फिरवली, बराच वेळ फिरवली. मग पाटी उचलून पुढे वाचू लागली. मी निघताना बाड परत मागितले नाही. मूळ तिच्याजवळ राहिले. राहिलेल्या पानांची छायाचित्रे तेवढी मी बरोबर आणली.

हे वर्ष आता संपत आले आहे. 180 पैकी 166 पाने झाली. शाई अगदीच पुसट झालेल्या दोन पानांनी माझा सारा ऑक्टोबर खाल्ला. 52 चा संकल्प होता तेव्हा 52 झाली. एकाचा केला तेव्हा एकही पुरे झाले नाही. नातीच्या यादीत यंदा माझ्या नावापुढे शून्य आहे. ती काही बोलली नाही. मात्र मागच्या खेपेला आली तेव्हा औषधांच्या मात्रांची पाने तिने स्वतः टंकित करून दिली, आणि ‘पणजीची मात्रा’ म्हणून सुंठीचा एक काढा सर्वांना पाजला.

नव्या वर्षी कागद घ्यावा की पाटी, असे आता कोणी मला विचारले, तर मी व्याख्यान देत नाही. डोळे थकले असतील, प्रवास असेल, गावात वाचनालय नसेल, तर पाटी जरूर घ्यावी. तिला कमी लेखण्याचे पाप मी केले आहे, इतरांनी करू नये. ज्या पानावर कोणाचा हात फिरला आहे, समासात कोणाची टाचणे आहेत, जे पुढच्याच्या हाती द्यावयाचे आहे, ते कागदावरच जपावे. आणि नुसते जपू नये, वाचावे. आणि संकल्पच करावयाचा, तर आकड्याचा करू नये. प्रत्येकाच्या कपाटात फडक्यात बांधलेले, पूजेपुरते बाहेर निघणारे एखादे पुस्तक असते. तेवढे एक सोडावे.

माझी चौदा पाने राहिली आहेत. रोज अर्धे, म्हणजे 28 दिवस. जानेवारीत संपतील. न संपली, तर पाडवा आहेच. अक्काने परवाच विचारले, “मागीर कितें?” नंतर काय? नंतरचे मी अजून ठरवलेले नाही.